आवाजाची मालकी

देवासला ए. बी. रोडवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येवो न येवो, मतं मात्र तिथे बारा महिने ताजी मिळतात. फोनची बॅटरी डिंकाने चिकटवणाऱ्या कंपन्यांविषयी माझं एक मत आहे. दुसऱ्याची शाई घातली की छापायला नकार देणाऱ्या प्रिंटरविषयी आहे. पाच वर्षं धडधाकट चाललेल्या लॅपटॉपला 'आता तुमचं मशीन जुनं झालं' असं परस्पर कळवणाऱ्यांविषयी तर इतकं आहे की गिऱ्हाईक हात जोडतं. "नीलेश भिया, भाषण बाद में, पहले चालू तो कर दो."

मी चालू करून देतो, पण भाषणही देतोच. जी वस्तू तुम्हाला उघडता येत नाही ती तुमची नाही. जो मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर आहे तोही तुमचा नाही. आणि 'मी सहमत आहे' हे बटण न वाचता दाबणारा माणूस कोऱ्या कागदावर सही करणाऱ्यापेक्षा काडीचाही शहाणा नाही. यातलं एकही मत मी आजही मागे घेत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकली की लोकांना वाटतं, याची मतं आता बदलली असतील. अद्दल घडली, मतं तीच राहिली, आणि ही दोन्ही एकाच डोक्यात घेऊन जगणं फार वाईट.

रत्नाकरदादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. इथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाला. पण गावात त्याची ओळख नोकरीची नव्हे, आवाजाची. देवास, धार, बदनावर, जिथे म्हणून मराठी घरात लग्न असेल तिथे मंगलाष्टकं म्हणायला दादाला बोलावणं असायचं. माइक हातात दिला तर तो बाजूला ठेवायचा. आमच्याकडच्या हिंदी शाळांत शिकलेल्या मुलांना मराठी धड वाचता येत नाही, पण दादा सूर लावायचा तेव्हा तीही फोन खाली ठेवून ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी त्या गळ्यात गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

दादाची मुलगी रुचा इंदूरला नोकरी करते. तिने 'स्वरसाथी' नावाचं ॲप शोधून काढलं. ऑपरेशनच्या आधी आपण आपल्या आवाजात सोळाशेच्या वर वाक्यं वाचून द्यायची. कंपनी त्यातून आपल्यासारखा बोलणारा आवाज तयार करते. मग टॅबलेटवर जे लिहाल ते टॅबलेट तुमच्या आवाजात बोलून दाखवतो. "काका, बाबांची आवाज बचून जाईल," रुचा मला म्हणाली आणि रडायला लागली. तिचं मराठी असंच, अर्धं हिंदीतून येतं.

सतरा दिवस दादा रोज सकाळी दहा वाजल्यापासून बारा वाजेपर्यंत वाक्यं वाचत होता. वाक्यं कंपनीने दिलेली, अर्थाशी देणंघेणं नसलेली. 'आत्याने निळी छत्री खुंटीला टांगली.' 'विमानाला आज उशीर होईल का?' दादा ती लग्नातल्यासारखी मन लावून म्हणायचा. घरात आमची अक्का असते, आम्हा दोघांची थोरली बहीण. तिला धारला दिली होती. नवरा गेल्यावर परत आली, त्याला वीस वर्षं झाली, आणि वहिनी गेल्यापासून दादाचं घर तीच चालवते. त्या सतरा दिवसांत दहा ते बारा तिने कुकर लावला नाही, वरण पातेल्यात शिजवलं. ओरडत येणाऱ्या भंगारवाल्याला ती गल्लीच्या तोंडाशीच अडवून परत पाठवायची. एवढ्या शांततेत सोळाशे चार वाक्यं जमा झाली.

ऑपरेशननंतर महिन्याभराने टॅबलेट दादाच्या आवाजात पहिल्यांदा बोलला. दादाने लिहिलं होतं, 'अक्का, आमटीत मीठ कमी आहे.' अक्का ताटावरून उठली आणि मीठ आणायच्या ऐवजी ओट्यापाशी उभी राहून रडली. मीही रडलो. मग डोळे पुसले आणि कंपनीच्या अटी वाचायला बसलो.

चौतीस पानं होती. नववं कलम म्हणत होतं की तयार झालेल्या आवाजावर हक्क कंपनीचा. दादाला तो वापरायची परवानगी, तीही कंपनी देईल तोवर. आवाज ठेवलेला त्यांच्या मशीनवर, म्हणजे नेट गेलं की दादा मुका. हे काही मी कल्पनेने सांगत नाही. जूनमध्ये दोन दिवस नेट नव्हतं तेव्हा दादा पाटीवर लिहून चहा मागत होता. ऑगस्टमध्ये टॅबलेटवर पट्टी झळकली की हे उपकरण लवकरच चालेनासं होईल, नवीन घ्यावं. टॅबलेटला जेमतेम चौदा महिने झाले होते. आणि सप्टेंबरात मेल आला. एक ऑक्टोबरपासून नव्या अटी लागू. जमा झालेले आवाज कंपनी तिच्या इतर उत्पादनांसाठी वापरील. खातं चालू ठेवलंत की तुमची संमती आहे असं धरलं जाईल.

माझं डोकं फिरलं. मी दादाकडे गेलो आणि त्याला सगळं वाचून दाखवलं. "उद्या तुझ्या आवाजात कोणी टूथपेस्ट विकेल, दादा."

दादाने लिहिलं, आणि त्याच्याच आवाजात उत्तर आलं, "विकू दे. मला बोलता येतंय ना?"

"तू बोलत नाहीयेस. ते तुला बोलू देतायत."

दादाने पुन्हा लिहिलं. मग टॅबलेट म्हणाला, "तुला यातलं कळतं. तू म्हणशील तसं."

मला यातलं कळत होतं, यात शंका नाही. जुन्या सर्व्हरचा एक दणकट डबा दुकानात पडून होता. त्यात चांगली डिस्क घातली, मेमरी वाढवली, आणि तो दादाच्या बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात बसवला. कोणाच्याही मालकीचं नसलेलं, सगळ्यांना खुलं असं सॉफ्टवेअर मिळतं, त्यावर थोड्या वाक्यांची चाचणी घेतली. आवाज सर्दी झाल्यासारखा आला, पण दादाचाच. नेट नको, परवानगी नको, घरातला आवाज घरात. कंपनीकडून सगळ्या मूळ फाइली उतरवून घेतल्या. तीस सप्टेंबरच्या दुपारी मोजल्या, सोळाशे चार भरल्या.

गिऱ्हाइकांना मी वर्षानुवर्षं बजावतो की जिवापाड जपायची गोष्ट तीन ठिकाणी ठेवा. त्या दुपारी दादाचा आवाज दोन ठिकाणी होता, कंपनीकडे आणि त्या डब्यात, आणि मी त्यातला एक पुसायला बसलो होतो. आणखी एक प्रत काढून दुकानात ठेवायला अर्धा तास लागला असता. पण एक तारीख उजाडायच्या आत मला खातं बंद करायचं होतं. खरं सांगायचं तर मला ती मजा घ्यायची होती. इतकी वर्षं कंपन्यांनी लोकांना 'तुमची सेवा बंद करण्यात येत आहे' असं कळवलं, आज एकदा मी त्यांना कळवणार होतो. पडद्यावर दोन पर्याय होते, तीस दिवसांनी पुसा, किंवा आत्ताच कायमचं पुसा. मी दुसरा निवडला. दादाचा टॅबलेट त्याच क्षणी गप्प झाला. "चारच दिवस," मी त्याला म्हटलं. "दसरा झाला की तू तुझ्या मशीनवर बोलशील." त्याने हसून पाटी दाखवली. तोवर ही आहे, असं.

मग मी डिस्कला कुलूप लावायला घेतलं. म्हणजे आतला सगळा मजकूर असा सांकेतिक करून टाकायचा की चोराने डबा पळवला तरी त्याला काही उघडता येऊ नये. भरलेल्या डिस्कला हे काम अठरा-वीस तास चालतं आणि तेवढ्या वेळात मशीन बंद पडता कामा नये. वीज जाईल म्हणून यूपीएस जोडला. डब्यावर दुकानातली छापील चिठ्ठी चिकटवली, लाल अक्षरांत, बंद करू नका अशा अर्थाची, इंग्रजीत. अक्काला इंग्रजी येत नाही हे मला जन्मापासून माहीत आहे. दादाला तोंडी सांगितलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमचे पूर्वज देवासच्या थोरल्या पातीच्या राजांच्या पदरी शिलेदार होते म्हणतात. शिलेदारीतली एक गंजकी तलवार उरली आहे, आणि ही नवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं मांडून पूजा करायची, आणि मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही. कात्री, शिवणयंत्र, दादाची सायकल, सगळ्यांना सुट्टी. भाजीसुद्धा अक्का आदल्या दिवशी चिरून ठेवते. घरातलं बाकी सगळं सैल झालं, पण हे ती सोडत नाही.

दसऱ्याला सकाळी मी सोनं द्यायला दादाकडे गेलो. कोनाड्यातल्या डब्याला झेंडूचा हार होता, पुढच्या जाळीवर हळदकुंकवाचं बोट. अक्काने माझ्या हातावर पेढा ठेवला.

"काल रतनचं हत्यार पहिलं पुजलं," ती म्हणाली. "तलवारीच्या आधी. म्हटलं, आता याच्या जिवावर माझा भाऊ बोलणार. पाणी नाही हो शिंपडलं, तेवढं कळतं मला. नुसतं बटण बंद केलं आणि वायर काढून नीट गुंडाळून ठेवली. चालत्या हत्याराची पूजा होते का कुठे?"

माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

"आणि रतन तर इतका खूश! मी आरतीला लागले तो मागून जोरजोराने टाळ्या वाजवत आला. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा आरतीला उभा राहिला बघ."

मी दादाकडे पाहिलं. त्याने पाटी उचलली आणि लिहिलं, 'थांब म्हणत होतो.'

तो ओसरीवर बसला होता. गुडघे धरलेले, उठायला वेळ लागतो. खिडकीतून त्याला अक्काचा हात यूपीएसकडे जाताना दिसला. पाठमोऱ्या बहिणीला मुका माणूस हाक कशी मारणार? त्याने टाळ्या वाजवल्या. तिने त्याच ठेक्यावर आरती म्हटली.

आरती संपल्यावर, अक्का नको नको म्हणत असताना, दादाने वायर परत लावली आणि मला मेसेज केला. 'अक्काने बंद केलं होतं. मी चालू केलं आहे. ठीक ना?' चालू करणं हेच नको होतं. डिस्क अर्धवट कुलपात अडकलेली पाहून मशीनने आपल्या बुद्धीने दुरुस्ती सुरू केली, आणि जे काही उरलं असेल त्याच्यावर ते पुढचा सबंध दिवस नांगर फिरवत राहिलं. मेसेज वेळेवर वाचला असता तर मी दहा मिनिटांत पोचून ते थांबवलं असतं. पण माझा फोन बंद होता. दुकानात, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी, फुलाखाली ठेवलेला. अक्काने वाढवलंय मला, नवमी मीही पाळतो.

दादाने आपल्या फोनवरचा तो मेसेज दाखवला त्या मिनिटालाच हे सगळं मला कळलं होतं. तरी मी अक्कालाच बोललो. "दादाचा गळा डॉक्टरांनी एकदा कापला," मी म्हणालो, "तू दुसऱ्यांदा कापलास."

दादाने पाटी जमिनीवर आपटली. त्याला तेवढंच करता येत होतं. अक्काने पदराने जाळीवरचं हळदकुंकू पुसलं, हार उतरवला आणि आत गेली.

पुढचे पंधरा दिवस मी दुकान बंद ठेवून त्या डिस्कशी झगडत होतो. इंदूरच्या एका माणसाकडे नेली, त्याने दुसऱ्या दिवशी परत दिली. "भिया, ताला तो बढ़िया लगाया आपने," तो म्हणाला. चोराला उघडता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप मला उघडलं नाही. लग्नांचे जुने व्हिडिओ गोळा केले, पण त्यात दादा बँडच्या आणि बायकांच्या गलक्याखाली आहे. त्यातून तयार केलेला आवाज रॉकेलच्या डब्यातून आल्यासारखा येत होता. दादाने तो दोन शब्द ऐकला आणि हाताने बंद कर म्हणून सांगितलं.

रुचाने कंपनीला विनवण्या केल्या, आईची शपथ घातल्यासारखे मेल लिहिले. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'आपल्या विनंतीनुसार आपल्या सर्व ध्वनिफिती व त्यापासून तयार झालेला आवाज कायमचा पुसण्यात आला आहे. आम्ही आपल्या अधिकारांचा आदर करतो.' इतक्या वर्षांत एकाही कंपनीने माझं म्हणणं पहिल्या झटक्यात ऐकलं नव्हतं. या एकीने ऐकलं, अक्षरशः पाळलं.

"काका," रुचा फोनवर म्हणाली, "एक कॉपी पेन ड्राइव्हमध्ये पण नाही ठेवली?"

"नाही."

"दुकानात तर सगळ्यांना सांगता तुम्ही."

मला राग आला. तिच्या बोलण्याचा नाही, त्या कंपनीचाच. कलम नऊ खोटं होतं का? त्या अटी चांगल्या होत्या का? माझ्या जागी कुणीही वाचणारा माणूस संतापला असता. मी बरोबर होतो, हे मी रात्रंदिवस स्वतःला सिद्ध करून देऊ शकतो, आणि त्याचा दादाला काडीचा उपयोग नाही. माझा फोन त्या दिवशी कुठे होता हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही. ती तेव्हापासून कुठल्याच बटणाला हात लावत नाही. मिक्सर लावायचा असला तरी दादाला हाक मारते, आणि संध्याकाळी दिवा लावायला कोणी येईपर्यंत अंधारात बसून राहते. हे सगळं बघूनही माझं तोंड उघडत नाही.

दादाने मला पुन्हा काही विचारलं नाही. रुचाने त्याला नवीन फोन आणून दिला, सीलबंद, चिकटवलेल्या बॅटरीचा, मी दुकानात ज्याला शिव्या देतो त्याच जातीचा. अटींचं पान आलं तेव्हा मी शेजारीच होतो. दादाने ते वर सरकवलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत सहमत आहे दाबलं. फोनमध्ये मराठी बोलणारा एकच आवाज होता, बाईचा, तरुण मुलीचा. दादाने तो एकदा ऐकला आणि कसनुसा झाला. हिंदीत पुरुषांचे चार होते. त्याने त्यातला एक वयस्क, शांत आवाज निवडला. बातम्या वाचणाऱ्या माणसाचा असावा तसा, स्वच्छ, कोणत्याच गावचा नसलेला. तेव्हापासून दादा हिंदी बोलतो.

समोरासमोर असली की अक्का त्याच्याशी मराठीतच बोलते. त्याच्या तोंडाकडे बघते, फोनकडे नाही. मला वाटायचं, चला, तेवढं तरी वाचलं.

गेल्या रविवारी सकाळी मी गेलो होतो. दादा आणि मी बैठकीत, अक्का आत स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडे. दादाने टाइप केलं आणि फोन मोठ्याने बोलला, "अक्का, नीलेश आया है। चाय बना दीजिए।"

आतून लगेच उत्तर आलं. पाहुण्यांपुढे काढतात तसल्या जपून काढलेल्या सुरात, डोक्यावरचा पदर सावरल्याचं ऐकू यावं असं.

"जी, अभी लाती हूँ, भाईसाहब।"

मी हसण्यावारी न्यायला दादाकडे वळलो. त्याने मान खाली घातली होती. थोड्या वेळाने त्याने पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं, आणि ते पूर्ण न करताच पुसून टाकलं.